कोष्टकांचीं नातीं

पेढीवरचा हिशेब एका वहींत मावत नाहीं. कीर्द निराळी, खतावणी निराळी; आणि कीर्दींतील रकमेशेजारीं लिहिलेला खतावणीच्या पानाचा आंकडा हाच त्या दोहोंमधला दुवा. लुका पाचोली या इटालियन पंडितानें १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या ग्रंथांत अशीच रीत वर्णिली आहे. पुढें वह्या जाऊन संगणक आले. परंतु वह्यांचीं नातीं जुळविण्याचा प्रश्न सुटला नाहीं, उलट अधिकच बिकट झाला. त्याची हकीकत वाचकांस मनोरंजक वाटेल अशी आहे.

१९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील संगणकांत एका नोंदीजवळ दुसऱ्या नोंदीचा ठावठिकाणाच लिहून ठेवीत. तो पत्ता हातीं धरून आज्ञावली लिहिणारा नोंदीमागून नोंद चालत जाई. चार्ल्स बाखमन हे या पद्धतीचे अध्वर्यु. १९७३ सालीं ट्युरिंग पारितोषिकाच्या प्रसंगीं केलेल्या व्याख्यानांत त्यांनीं या लेखकास नाविकाची उपमा दिली. उपमा सुंदर खरी, पण अडचणही तींतच होती: बंदर हललें कीं नकाशा निरुपयोगी! नोंदींची मांडणी बदलतांच तिच्यावर बेतलेल्या आज्ञावली पुन्हां लिहाव्या लागत.

एडगर कॉड हे मूळचे इंग्लंडचे, वृत्तीनें गणिती, दुसऱ्या महायुद्धांत वैमानिक, आणि पुढें आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत संशोधक. १९७० च्या जून महिन्यांत त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांतील विचार वरवर पाहतां अगदीं साधा आहे: पत्ते काढून टाका आणि सर्व माहिती कोष्टकांत मांडा. ग्राहकाचा क्रमांक ग्राहकांच्या कोष्टकांत आहे व विक्रीच्याही कोष्टकांत आहे, एवढें साम्य नात्यास पुरे. १९७४ सालीं ॲन आर्बर येथें बाखमन आणि कॉड या दोन पक्षांचा जाहीर वाद झाला. आयबीएमचा जुन्या पद्धतीचा माल खपत असल्यामुळें कंपनीनें घाई केली नाहीं; १९७९ सालीं दुसऱ्याच एका लहान कंपनीनें या तत्त्वावरील माल तिच्या आधीं बाजारांत आणला. १९८१ सालीं आयबीएमही त्या वाटेस लागली, आणि त्याच वर्षीं कॉड यांस ट्युरिंग पारितोषिक मिळालें.

मात्र त्या मूळ निबंधांतच कॉड यांनीं एका सापळ्याची सूचना देऊन ठेविली होती. एक व्यापारी अमुक सुटा भाग पुरवितो, आणि तो भाग अमुक कामास लागतो. एवढ्यावरून त्या कामास त्याच व्यापाऱ्यानें भाग पुरविला असें ठरत नाहीं. जोडतां येणें निराळें आणि जोड खरी असणें निराळें.

आज कोणत्याही कचेरींतील कारकून पडद्यावर दोन कोष्टकांमध्यें रेघ ओढून नातें जुळवितो. समजा, १००० रुपयांचें एक बिल ग्राहकानें दोन हप्त्यांत फेडलें. बिलांचें कोष्टक हप्त्यांच्या कोष्टकाशीं ओळीस ओळ जोडून बिलांची बेरीज घेतली, तर तेंच बिल दोनदां मोजलें जाऊन विक्री २००० रुपये दिसते. बेरीज बिनचूक, उत्तर खोटें. आणि यंत्र चकार शब्द काढीत नाहीं! अशाच आंकड्यांवर कर्जें मंजूर होतात आणि माणसें कामावरून कमी होतात.

राल्फ किंबॉल यांनीं १९९६ सालच्या आपल्या ग्रंथांत व्यापारी अहवालांसाठीं जी रचना विशद केली, ती या दृष्टीनें विचार करण्यासारखी आहे. मध्यें घडामोडींचें कोष्टक. भोंवतीं ग्राहक, माल, दिनांक यांचीं. भोंवतालच्या एका ओळीस मधल्या अनेक ओळी, हें नातें ठरलेलें. बिलें आणि हप्ते यांचा परस्पर संबंध न लावतां दोहोंचीही गांठ ग्राहकाशीं व दिनांकाशीं घालावी, आणि प्रत्येकाची बेरीज आपल्या घरीं होऊं द्यावी.

तात्पर्य, रेघ ओढण्यापूर्वीं 'येथील एका ओळीस तेथील किती ओळी?' एवढें विचारावें. जुन्या मुनिमास तें विचारावें लागत नसे. ग्राहक त्याच्या ओळखीचा असे. यंत्रास केवळ क्रमांक ठाऊक असतो. ती ओळख ठेवण्याचें काम अद्याप आपलेंच आहे.