दोन चाँदनी चौक

मोगल काळाचा धडा चालू होता. शाहजहानने वसवलेल्या दिल्लीचे वर्णन करता करता आम्ही वर्गाला सहज विचारले, ''चाँदनी चौक कहाँ है?'' मागच्या बाकावरून तत्काळ उत्तर आले, ''सर, कोथरूड के आगे. जहाँ पुल उड़ाया था.'' वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण उत्तर चुकीचे आहे असे काही आम्हाला म्हणवेना. पुण्यात वाढलेल्या मुलाचा चाँदनी चौक तोच. दिल्लीचा चाँदनी चौक त्याने पुस्तकात पाहिला असेल किंवा सिनेमात. कोथरूडपुढचा मात्र त्याने सातारच्या बसच्या खिडकीतून, तास-तासभर खोळंबून पाहिला आहे.

त्या दिवशी घरी येताना मनात आले, एकाच नावाचे हे दोन चौक. दोन्हीकडे वाहनांची तुंबळ कोंडी झाली आणि दोन्हीकडे अलीकडच्या चार-पाच वर्षांत ती फोडण्याचा प्रयत्न झाला. मात्र उपाय अगदी उलट. हा इतिहास एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचावा असे वाटले, म्हणून हा लेख.

आधी दिल्ली. शाहजहानने शाहजहानाबादचा पाया 1639 मध्ये घातला. लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत जाणारा मोठा बाजार आखला तो त्याची मुलगी जहाँआरा हिने, 1650 च्या सुमारास. बाजाराच्या मधोमध कालवा वाहत होता, दुतर्फा झाडे होती आणि मध्यावर एक चौक व हौद होता. हौदात चांदणे पडे, म्हणून त्या चौकाला चाँदनी चौक म्हणू लागले आणि पुढे सगळ्या बाजारालाच ते नाव मिळाले. जवळच जहाँआराने प्रवाशांसाठी सराई बांधली, हमामही बांधला. म्हणजे ज्या बाईने हा रस्ता आखला तिच्या डोळ्यांसमोर पायी चालणारा होता, दमून आलेला मुसाफिर होता, तहानलेला होता. 1857 नंतर ती सराई पाडली गेली. हौदाच्या जागी घड्याळाचा मनोरा आला, कालवा बुजला, ट्राम आली आणि गेली. मग मोटारी, रिक्षा, हातगाड्या आणि हमाल यांची अशी सरमिसळ झाली की चालणाऱ्याला पाऊल ठेवायला जागा उरली नाही.

आता आपला कोथरूड. आज ज्या रस्त्याला आपण कर्वे रोड म्हणतो, त्या बाजूने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक गृहस्थ रोज पायी जात. धोंडो केशव कर्वे. विधवा स्त्रियांसाठी त्यांनी 1896 मध्ये आश्रम काढला आणि 1900 मध्ये तो हिंगण्याला नेला. शहरापासून चार मैल. फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे तास आटोपून ते आश्रमाला लागणारे सामान घेऊन चिखल तुडवीत हिंगण्याला जात. स्त्रियांच्या तालीमसाठी झिजलेल्या ह्या माणसाला 1958 मध्ये भारतरत्न मिळाले. पुढे त्याचे नाव रस्त्याला दिले गेले आणि पुतळाही चौकात उभा राहिला. आज त्या पुतळ्याच्या चौकातून पलीकडे पायी जायचे म्हणजे काय दिव्य असते, हे कोथरूडकरांना सांगायला नको. पायी चालणाऱ्या माणसाच्या नावाचा रस्ता, आणि त्याच रस्त्यावर पायी चालणेच मुश्किल! इतिहास कधी कधी अशी थट्टा करतो.

1961 च्या जुलैत पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि शहराचा ओढा मुठेपलीकडे वाढला. पुढे कारखाने आले, कॉलेजे आली, सोसायट्या आल्या. शेताच्या बांधावरून गेलेल्या वाटा डांबरी झाल्या, पण त्यांची रुंदी वस्तीच्या वेगाने वाढली नाही. कोथरूडच्या पश्चिम टोकाला पौड रस्ता टेकडी चढून जिथे मुंबई-बंगळूर महामार्गाला भेटतो, तोच आपला चाँदनी चौक. एका अंगाला बावधन, दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, खाली महामार्ग आणि त्यावरून आडवा जाणारा नव्वदच्या दशकातला एक अरुंद पूल. पूल बांधला तेव्हा हिंजवडी हे गाव होते. त्यानंतर तिथे संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या, 2002 मध्ये मुंबईचा द्रुतगती मार्ग पुरा झाला, आणि सगळे ओझे ह्या एका पुलाच्या कमानीखालून जाऊ लागले. पुलाच्या दोन बाजूंच्या भिंतींमध्ये महामार्ग असा अडकला होता की तो रुंद करायचा तर पूल काढण्यावाचून गत्यंतर नव्हते.

एका संध्याकाळी आम्ही अम्मीला घेऊन सातारच्या बसने तिथे उतरलो होतो. पूल तेव्हा जागेवर होता. जायचे होते बावधनला, नातलगाकडे. अंतर पाहिले तर हाकेचे. पण वाहनांची रांग तुटेना. अम्मीने आमचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, ''बेटा, ये सड़क है कि नदी?'' शेवटी रिक्षा केली आणि तिने भलामोठा वळसा घातला. अम्मीचा तो सवाल आमच्या मनात राहिला. नदी ओलांडायला निदान नाव तरी असते.

नव्या चौकाची पायाभरणी 2017 च्या ऑगस्टमध्ये झाली. जागा ताब्यात घेण्याचे काम मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. 2022 च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे ह्यांचाच ताफा तिथल्या कोंडीत सापडला, लोकांनी त्यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडले आणि मग चक्रे फिरली. 2 ऑक्टोबर 2022 रोजी मध्यरात्रीनंतर सुमारे 600 किलो स्फोटके लावून तो पूल पाडण्यात आला. नोएडाचे जुळे मनोरे ज्या कंपनीने पाडले होते, तिनेच हे काम केले. काँक्रीट उडाले, पण आतल्या सळ्या उभ्याच राहिल्या. त्या यंत्रांनी तोडाव्या लागल्या. 12 ऑगस्ट 2023 रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी ह्यांच्या हस्ते नव्या चौकाचे उद्घाटन झाले. खर्च 865 कोटी रुपये. मुख्य रस्ता, सेवा रस्ते आणि चढ-उताराचे मार्ग मिळून जवळजवळ 17 किलोमीटरचे जाळे.

कोंडी कमी झाली का? झाली. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. रुग्णवाहिका, एसटी, भाजीचा टेम्पो ह्यांची सुटका झाली, ह्याचा आम्हालाही आनंद आहे. पण उद्घाटनानंतर लगेच एक मागणी पुढे आली. पायी माणसाने हा चौक ओलांडायचा कसा? पादचारी पूल हवा, अशी ती मागणी. सतरा किलोमीटर रस्ते आखून झाले, उद्घाटन झाले, आणि मग पायी माणसाची आठवण झाली! जहाँआराच्या चौकात जो पहिला होता, तो आमच्या चौकात शेवटचा ठरला.

रुंदीकरणाचा आणखी एक धडा जगाने शिकवून ठेवला आहे. अँथनी डाउन्स ह्या अमेरिकन अभ्यासकाने 1962 मध्येच मांडले होते की, शहरातला जलद रस्ता रुंद केला की नवी वाहने येऊन तो गर्दीच्या वेळी पुन्हा भरतो. रस्ता मोकळा दिसला की बसने जाणारा गाडी काढतो, जवळ राहणारा लांब घर घेतो. अमेरिकेत ह्यूस्टन शहरातला केटी महामार्ग 2008 पर्यंत रुंद करण्यात आला. सेवा रस्ते धरून काही ठिकाणी 26 पदरी. थोड्याच वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पूर्वीपेक्षाही लांबला. इतके दूर तरी कशाला? आपल्या विद्यापीठ चौकात कोंडी फोडण्यासाठी बांधलेला उड्डाणपूल 2020 मध्ये पाडावा लागला, कारण तो नव्या गरजेच्या आड आला. कर्वे रोडवर नळस्टॉपचा दुमजली पूल 2022 च्या मार्चमध्ये खुला झाला आणि पूल जिथे उतरतो तिथे नवी कोंडी होते अशी तक्रार सुरू झाली. गाठ सुटत नाही, पुढे सरकते.

आता रस्ता रुंद होताना कोणाचे काय जाते, तेही पाहू. महापालिकेच्या 1949 च्या कायद्यात कलम 210 आहे. त्यानुसार आयुक्त रस्त्याची रेषा आखतात आणि रेषेत येणारी जागा रस्त्याकडे घेता येते. मालकाला त्याचा मोबदला मिळतो, पैशात किंवा बांधकामाच्या वाढीव हक्काच्या रूपात. पण ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचे काय? पंक्चर काढणारा, गॅरेजवाला, चहाची टपरी, फळांची हातगाडी, भाड्याच्या गाळ्यातला शिंपी. नकाशावर रेष ओढली की आधी हे पुसले जातात. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे अब्बा हाच रोजगार करतात. रस्ता वाढला त्या महिन्यात फी थकते आणि मुलगा दांडी मारू लागतो, हे आम्ही हजेरीपटावर पाहिले आहे. फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे. आधी त्यांची पाहणी करा, प्रमाणपत्र द्या, मगच हलवा असे तो सांगतो. आपल्या मोहल्ल्यातल्या किती जणांना हा कायदा ठाऊक आहे? मोर्चा काढण्याआधी हा कायदा वाचणे आणि कागद जपणे, हे काम आपल्या शिकलेल्या मुलांनी करायचे आहे.

इथे एक जुना निवाडा आठवतो. रस्त्याच्या रुंदीवरून लोकांत वाद झाला तर तो सात हात ठेवावा, असे हदीसमध्ये आले आहे. ओझे लादलेली दोन जनावरे समोरासमोर आली तरी अडू नयेत एवढे ते माप, असा अर्थ लावला जातो. गंमत अशी की हे सात हात म्हणजे जवळजवळ साडेतीन मीटर, आणि आज महामार्गाच्या एका पदराची रुंदीही साडेतीन मीटरच धरतात! माप तेच, त्यामागचा माणूस बदलला. तेव्हा रुंदी ठरे ती ओझे वाहणाऱ्याकडे बघून. आज ती ठरते एकटा माणूस बसलेल्या मोटारीकडे बघून.

दिल्लीने काय केले? 12 सप्टेंबर 2021 रोजी नव्याने सजवलेला चाँदनी चौक खुला झाला. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी. रस्त्याची फरसबंदी झाली, बसायला जागा झाली. नियम मोडून गाड्या घुसतात अशी ओरड तिथेही होते, आणि व्यापाऱ्यांच्या माल चढवण्या-उतरवण्याच्या अडचणीही खऱ्या आहेत. तरी एक गोष्ट तिथे कबूल झाली की, कोंडी फोडायची तर वाहनाला आत येण्यापासून रोखणे हाही एक उपाय आहे.

कोथरूडचा चौक महामार्गावर आहे, तिथे मोटारबंदी करा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण रस्त्याइतकाच पैसा आणि घाई बससाठी, पदपथासाठी दाखवता येते. वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो 2022 च्या मार्चमध्ये धावली. वनाजपासून चाँदनी चौकापर्यंत ती नेण्यास केंद्राने 2025 च्या जूनमध्ये मंजुरी दिली. रस्ता आधी आणि मेट्रो मागाहून, हा क्रम उलटा असता तर? इतिहासात 'जर-तर'ला जागा नसते असे आम्हीच मुलांना शिकवतो. पण पुढचा रस्ता आखताना हा सवाल विचारायला काय हरकत आहे?

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात फळ्यावर दोन चौक काढले. एक हौदाचा, एक पुलांचा. मुलांना सांगितले, ह्यात अम्मीला कुठून चालवत न्याल ते खडूने दाखवा. हौदाच्या चौकात मुलांनी पटापट रेषा ओढल्या. पुलांच्या चौकासमोर तोच मागच्या बाकावरचा मुलगा खडू हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. मग वळून म्हणाला, ''सर, इसमें तो रास्ता ही नहीं है.''

ज्यांच्या हातात खडूऐवजी नकाशा असतो, त्यांनी पुढची रेष ओढण्यापूर्वी ह्या मुलाचे उत्तर ऐकावे, एवढीच आमची अर्ज आहे.