फादरांची वनस्पती आणि किहीमची सुगरण

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. मुलाने किंवा मुलीने जीवशास्त्र घेतले. वैद्यकीयचा प्रवेश मात्र हुकला. आता पुढे काय? तळ्यासारख्या डोंगरकुशीतील गावी आता विज्ञान महाविद्यालय आहे, तरी हा प्रश्न सुटलेला नाही. डॉक्टर झाले नाही तर त्या पदवीचा उपयोग तो काय, अशी समजूत आपल्यात खोल रुजली आहे. आम्हांस मात्र या प्रश्नासाठी आपल्या ख्रिस्तसभेच्याच इतिहासाची काही पाने उलटावीशी वाटतात.

मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयात १९०६ साली एक वनस्पतिसंग्रह सुरू झाला. तो आज फादर एथेलबर्ट ब्लॅटर या येशूसंघीय धर्मगुरूंच्या नावाने ओळखला जातो. स्वित्झर्लंडमध्ये १८७७ साली जन्मलेल्या या धर्मगुरूंनी पश्चिम भारतातील गवतापासून ताडामाडापर्यंत सारे अभ्यासले. रानातून फांदी आणावी, कागदांत दाबून वाळवावी, जाड कागदावर चिकटवावी आणि नाव, गाव, तारीख लिहून ठेवावी, इतके साधे हे काम. पण शंभर वर्षांपूर्वी कोणत्या डोंगरावर काय उगवत होते, याचा पुरावा त्याहून विश्वासार्ह दुसरा नाही. कीर्तिकर व बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथाची दुसरी आवृत्ती सिद्ध करण्यातही फादर ब्लॅटर, फादर कायस आणि डॉ. म्हसकर यांचे हात लागले होते. धर्मगुरू आणि मराठी वैद्यकतज्ज्ञ एकाच मेजाशी बसून काम करीत होते, हे आम्हांस विशेष वाटते.

याच फादर ब्लॅटरांनी एका विद्यार्थ्याची आवड हेरली. ब्रह्मदेशातून १९१७ साली परतलेला हा तरुण दावर महाविद्यालयात व्यापारी कायदा व हिशेब शिकत होता. फादरांच्या आग्रहावरून सकाळी ते वर्ग आटोपून तो झेविअर्समध्ये प्राणिशास्त्राच्या तासांना बसू लागला. त्याचे नाव सालिम अली. वाट मात्र सोपी नव्हती. रीतसर विद्यापीठीय पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नाही. पुढे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात व्याख्यात्याची नोकरी मिळाली. जर्मनीत शिक्षण घेऊन १९३० साली परतले, तो ती जागाच पैशांअभावी रद्द झालेली! बेकार झालेले सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले.

म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या वसाहतीवर दिवसचे दिवस नजर ठेवली. नर घरटे अर्धवट विणतो आणि माद्या येऊन ते पारखतात. एखादीने पसंत केले की तो ते पुरे करतो. ती अंडी घालून बसली की हा गडी दुसरे घरटे विणू लागतो! विणणारा नर आणि नाव मात्र ‘सुगरण’. भाषेने येथे मादीला उगाच श्रेय दिले आहे. बेकारीतल्या या निरीक्षणांनी सालिम अलींना शास्त्रज्ञ म्हणून मान्यता मिळवून दिली. १९८५ साली त्यांचे आत्मचरित्र निघाले. त्याच्या शीर्षकात चिमणीचे पडणे आहे. ते वाचताच मत्तयकृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आपल्या वाचकांना आठवल्यावाचून राहणार नाही.

फादर ब्लॅटर १९३४ साली निवर्तले. त्यांची परंपरा पुढे चालविणारे फादर हेर्मेनेगिल्ड संतापाव हे स्पेनचे. खंडाळ्याच्या घाटातील वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद त्यांनी भूषविले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. धर्मगुरूपण आणि सरकारी शास्त्रज्ञाचे पद एकाच झग्यात सामावले होते.

आज वाटा त्याहून पुष्कळ आहेत : वनखाते, मत्स्यसंशोधन, दापोलीचे कृषी विद्यापीठ, परळची हाफकिन संस्था, रोह्याजवळच्या धाटावचे कारखाने, आणि अर्थात शिक्षकी पेशा. सगळ्याच वाटा भरपूर पगाराच्या नाहीत, हे पालकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पदव्युत्तर शिक्षणाची चार-पाच वर्षे घरच्यांनी पेलावी लागतात आणि संशोधनातील जागा मोजक्याच असतात.

पण गिधाडांचीच गोष्ट घ्या. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. भारत सरकारने २००६ साली पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी घातली. हे कोडे उलगडले ते पक्ष्यांच्या अभ्यासकांनी, पशुवैद्यांनी आणि मेलेल्या गिधाडांचे अवयव तपासणाऱ्या प्रयोगशाळांनी. रायगडातील गिधाडांची एक वसाहत म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या झाडांवर आहे. तळ्याच्या मुलांना ती पाहायला शेजारच्या तालुक्यापर्यंतच जावे लागते.