गव्हाण, कारंजं आणि तेलाचा डबा

परवा शनिवारी घर आवरताना तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा हाताशी आला. म्हटलं, एवढे इंजिनियर झालो, चिमण्यांसाठी एक फीडर तरी जमायला हवा! गरम पाण्याने तेल घालवलं, तापवलेल्या दाभणाने भोकं पाडली, एक जुना लाकडी चमचा आरपार घातला (बसायला दांडी), बाजरी भरली आणि डबा गॅलरीत टांगला.

रविवारी सकाळी पाहुणे हजर. चिमण्या नव्हे, कबुतरं. सांडलेली बाजरी टिपायला अकरा कबुतरं! दुपारी शेजारच्या काकू दारात. त्यांना दमा आहे. "अरे, तुझं पुण्य माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतंय," एवढंच म्हणाल्या. डबा गुपचूप उतरवला आणि वाचत बसलो, की हा उद्योग मुळात सुरू कुणी केला?

सापडला तो इंग्लंडमधल्या श्रॉपशायरचा जॉन डोव्हास्टन. १८२५ च्या सुमाराला या निसर्गवेड्या माणसाने गुरांची गव्हाण घेतली, तिच्याभोवती पक्ष्यांना बसायला दांड्या लावल्या आणि थाटात नाव ठेवलं 'ऑर्निथोट्रोफ'. म्हणजे बर्ड फीडरचं इतकं जुनं मॉडेलसुद्धा जुगाडच होतं तर! जाम बरं वाटलं. पुढे १८९०-९१ च्या कडक हिवाळ्यात तिथल्या वर्तमानपत्रांनी पक्ष्यांना खायला घालायचं आवाहन केलं, आणि १९१० मध्ये 'पंच' नियतकालिकाने तर हा राष्ट्रीय छंदच ठरवून टाकला.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे दादरचा कबुतरखाना. १९३३ च्या सुमाराला बांधला तेव्हा ते होतं पाण्याचं कारंजं. लोक दाणे टाकत गेले आणि कारंज्याचा कबुतरखाना झाला. २०२५ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्टमध्ये महापालिकेने ताडपत्री घालून तो बंद केला. कारण तेच, काकूंचं. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेली तर काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते.

बरं, त्रास फक्त माणसांनाच होतो असंही नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच नावाच्या छोट्या हिरवट पक्ष्यांमध्ये ट्रायकोमोनोसिसची साथ पसरली. आजारी पक्ष्याची लाळ दाण्यांना आणि पाण्याला लागते, तिथूनच दुसरा खातो. एकाच फीडरवर गर्दी म्हणजे संसर्गाची सोयच. एकेकाळी बागेत सर्रास दिसणारा हा पक्षी २०२१ मध्ये तिथल्या धोक्याच्या लाल यादीत गेला. ज्यांनी प्रेमाने दाणे ठेवले, त्यांच्याच अंगणात हे घडलं.

मग लक्षात आलं, आपण फक्त 'बिल्ड'चा विचार केला होता, मेंटेनन्सचा नाहीच. (ऑफिसमध्ये याच गोष्टीवरून ज्युनियर मंडळींना लेक्चर देतो मी!) कोकणात पडवीत भाताच्या लोंब्या टांगायची पद्धत आहे. किती साधं डिझाईन! चिमणी लटकून खाते, कबुतराच्या वजनाला ती पेलत नाही, दाणे संपले की काडी फेकून द्यायची. धुवायची भानगडच नाही.

असो. डब्याचं व्हर्जन दोन तयार आहे. खाली जुनी ताटली तारेने बांधली, म्हणजे बाजरी सांडणार नाही. पाणी साचू नये म्हणून तळाला भोकं. रोज एकच मूठ दाणे, आणि दर शनिवारी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवायचं. कबुतरं पुन्हा जमली तर डबा कायमचा खाली, बाजारात मिळाल्या तर लोंब्या वर.

टांगण्याआधी मात्र काकूंना विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, "शनिवारी धुतोस का, ते मी बघेन हो."

टेस्टर मिळाला!