बर्लिनचा हवाई पूल : वेळापत्रकाने लढलेली लढाई

२४ जून १९४८ रोजी सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, लोहमार्ग आणि जलमार्ग बंद केले. वीस लाखांहून अधिक माणसांचे शहर कोंडले गेले. उरल्या त्या १९४५च्या लेखी करारातल्या तीन हवाई वाटा. दोनच दिवसांत अमेरिकी विमाने निघाली. या मोहिमेची कथा सांगताना वैमानिकांचे धाडस आणि मुलांसाठी आकाशातून सोडलेली चॉकलेटे हमखास येतात. शहर जगले ते मात्र हिशेबावर.

हा हिशेब निष्ठुर होता. अन्न आणि कोळसा मिळून रोज किमान साडेचार हजार टन माल हवा. डकोटात जेमतेम तीन टन मावत; म्हणजे दिवसाला पंधराशे खेपा! म्हणून सुमारे दहा टन नेणारी सी-५४ विमाने दूरदूरच्या तळांवरून गोळा केली गेली. मालाचे वजनही उतरवले : ताज्या बटाट्यांऐवजी सुकवलेले, मांस हाडांविना. मिठाने विमानाचा धातू गंजतो, म्हणून ते ब्रिटिशांच्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांतून हाफेलच्या जलाशयावर आले.

जुलैअखेर सूत्रे मेजर जनरल विल्यम टनर यांच्याकडे आली. आसामातून हिमालयापलीकडे चीनला रसद पोहोचवणारी ‘हंप’ मोहीम याच माणसाने युद्धकाळात चालवली होती. १३ ऑगस्टच्या शुक्रवारी दाट ढगांत टेम्पेलहोफवर अपघात झाले, वर विमानांची चळत लागली आणि तीत स्वतः टनर अडकले. त्यानंतर नियम ठरला : उतरणे एकदा हुकले की घिरट्या नाहीत; भरल्या मालानिशी मधल्या वाटेने तळावर परत. एका विमानाची खेप वाया गेली तरी चालेल, मागची रांग थांबता कामा नये. बर्लिनमध्ये उतरलेल्या वैमानिकांनी विमान सोडायचे नाही. हवामानाची माहिती आणि गरम कॉफी त्यांच्यापाशी येई.

खरी टंचाई माणसांची होती. राखीव वैमानिक पुन्हा बोलावले गेले. माँटानातील ग्रेट फॉल्स येथे बर्लिनच्या हवाई वाटांची प्रतिकृती आखून त्यांना तयार केले गेले. यंत्रज्ञ तरीही अपुरेच. तेव्हा जनरल क्ले यांच्या परवानगीने जर्मन हवाई दलातील जुन्या यंत्रज्ञांना कामावर घेतले आणि दुरुस्तीच्या पुस्तिका जर्मनमध्ये उतरवल्या. तीन वर्षांपूर्वीच्या शत्रूच्या हाती आपल्या विमानाचे इंजिन सोपवायचे, हा निर्णय कोणत्याही उड्डाणाइतकाच धाडसाचा होता. ऑक्टोबरमध्ये अमेरिकी व ब्रिटिश ताफे एकाच संयुक्त दलाखाली आले.

एप्रिल १९४९मध्ये चोवीस तासांत १,३९८ उड्डाणांतून १२,९४१ टन कोळसा पोहोचला. १२ मे रोजी नाकेबंदी उठली. तरी साठा हाताशी असावा म्हणून उड्डाणे ३० सप्टेंबरपर्यंत चालली. एकूण माल सुमारे २३ लाख टन, त्यातला दोनतृतीयांश कोळसा. या ओघात सत्तरच्या आसपास अमेरिकी आणि ब्रिटिश माणसे अपघातांत गेली. मोहिमेच्या जमाखर्चात हा आकडाही टनांशेजारीच मांडायला हवा. कारण ते वेळापत्रक थकलेल्या माणसांच्या बळावर चालले होते.