चिवट हाडाची माणसं

आमची आजी माणसाची पारख हाडावरून करायची. 'ह्याचं हाड चिवट हाय' म्हणाली की तो माणूस नव्वदी गाठणार, हे ठरलेलं. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे बोलणं निम्मं कानडी. रागावली की पूर्ण कानडी. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर तेलाची धार घेऊन बसली की ती प्लेगच्या गोष्टी काढायची. जेवताना कुणी प्लेगच्या गोष्टी सांगतं का? आमच्याकडे सांगत.

गोष्टी तिच्याही नव्हत्या, तिच्या सासूच्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे रेल्वेच्या वाटेने सोलापुरातही पोचला. घरात उंदीर पडला की लोक भांडीकुंडी उचलून गावाबाहेर झोपड्या टाकायचे. आमची माणसं कोणत्या माळावर गेली, यावर मात्र आजीचं आणि मोठ्या काकांचं कधी जमलं नाही. ती देगावकडे म्हणायची, ते बाळ्याकडे. दोघांच्या सांगण्यात एवढं सारखं होतं की, एकाच वाकळेवर निजणाऱ्या दोन जावांपैकी धाकटीच्या काखेत गाठ आली आणि ती गेली. थोरलीने तिचं सगळं केलं, आणि पुढे नातवंडं खेळवली. 'हाड चिवट,' आजीचा निकाल. कदाचित थोरलीला उंदरावरची पिसू चावलीच नसेल. पण हे आजीला सांगणार कोण?

उंदरांच्या बाबतीत मात्र तिचा निकाल खरा निघाला असता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत प्लेगवर संशोधन करणाऱ्यांना दिसलं, की प्लेगचे जंतू टोचले तरी मुंबईचे बरेचसे उंदीर जगतात, आणि मद्रासचे, जिथे प्लेग फारसा पोचलाच नव्हता, पटापट मरतात. साथीमागून साथी आल्या, कच्चे उंदीर गेले, उरले त्यांचीच पिल्लावळ वाढली. हाडाचा चिवटपणा म्हणजे हाच, फक्त तो हाडात नसतो.

तो कुठे असतो, याचा विचार मी करू लागलो तो चुलत आजोबांमुळे. ते गिरणीत होते. भोंगा झाला की डबा घेऊन निघायचे आणि येताना खोकत यायचे. क्षय निघाला. मिरजेजवळ वानलेसवाडीचं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम १९२० पासून होतं; तिथे न्यायचं घाटत होतं तोवर ते गेले. काकूआजी त्यांच्याच ताटात जेवलेली, एका खोलीत राहिलेली, तिला साधा खोकला नाही. त्यावरून भाऊबंदांनी तिचा पायगुण काढला, म्हणजे न आजारी पडणं हाही तिचाच गुन्हा! क्षयाचे जंतू अंगात शिरलेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. जर्मनीत ल्युबेक गावी १९३० मध्ये बीसीजी या क्षयावरच्या लसीत चुकून जहाल क्षयजंतू मिसळले आणि ती सुमारे अडीचशे तान्ह्या बाळांना पाजली गेली. सत्तरच्या वर दगावली. बाकीची बहुतेक तगली. कुणाच्या पोटात जंतू किती गेले हा भाग होताच, पण सगळा हिशेब त्याने लागत नाही. खाणंपिणं, दाटीची खोली, वय आणि त्याखाली जनुकं. माझ्या मते चाळीतल्या अंधाऱ्या खोलीचा वाटा जनुकांपेक्षा मोठा.

एका ठिकाणी मात्र जनुकांचंच राज्य असतं, आणि ते ठिकाण आमच्या भागाला जवळचं आहे. तेलुगू, कानडी, मराठी अशा तिन्ही वळणांच्या आमच्या मुलखात मामा-भाचीचं लग्न म्हणजे घरची पोर घरात. आजीची एक मावसबहीण अशीच मामाला दिलेली. तिची दोन मुलं मानेला गाठी येऊन गेली. गंडमाळ म्हणाले, दृष्ट म्हणाले. तिसरी मुलगी ठणठणीत. त्या मुलांना नेमकं काय होतं ते आता कळायचं नाही. पण १९९६ मध्ये माल्टा आणि ट्युनिशियातल्या काही कुटुंबांमध्ये एक दोष सापडला. आपल्या भक्षक पेशी जंतू गिळतात, पण गिळलेला मारायला त्यांना गॅमा इंटरफेरॉन नावाचा निरोप लागतो. तो निरोप घेणारं जनुक आईकडूनही बिघडलेलं आलं आणि बापाकडूनही, तर जंतू पेशीतच सुखाने वाढतो. अशा बाळाला बीसीजीची साधी लसही बाधते. हा निरोप सोडायला लावणाऱ्या इंटरल्युकिन-१२ च्या वाटेवरच्या अशाच दोषांत साल्मोनेला नावाचा जंतूही पुन्हापुन्हा गाठतो. एकेकट्या बिघडलेल्या प्रतीने आईबापांना काहीच होत नाही. मामा आणि भाची यांची पाव हिस्सा जनुकं सारखी असतात, म्हणून दोन्हीकडून तोच बिघाड येण्याची शक्यता वाढते.

बीसीजीच्या जागी बारीक फोड येऊन खूण राहणं नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका. पण काखेतल्या गाठी वाढत, पिकत गेल्या, ताप हटेना, बाळ अंग धरेना, आणि घरात आधी एखादं मूल असंच गेलं असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. नात्यातलं लग्न असेल तर तेही सांगा. मुंबईत केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा दोषांची तपासणी होते.