वळिवड्याची छावणी

कोल्हापुराहून मिरजेकडे निघालेली आगगाडी शहर सोडते न सोडते तोंच वळिवडें नांवाचें एक लहानसें स्टेशन लागतें. आज त्या परिसरांत गांधीनगरची कापडबाजारपेठ गजबजलेली असते, आणि लग्नसराईच्या खरेदीसाठीं येणाऱ्या कुटुंबांना आपण कोणत्या भूमीवर उभे आहोंत याची सहसा कल्पना नसते. १९४३ सालीं येथें बराकींच्या लांबच लांब रांगा उभ्या राहिल्या, आणि त्याच वर्षाच्या पावसाळ्याच्या सुमारास पोलंड देशांतील बायका, मुलें आणि वृद्ध माणसें तेथें उतरूं लागलीं. छावणी भरली तेव्हां त्यांची संख्या पांच हजारांच्या घरांत गेली होती. एवढी परकी वस्ती करवीरच्या पंचक्रोशीनें पूर्वीं कधीं पाहिलेली नव्हती.

हे लोक येथवर आले कसे, हें समजण्यास थोडें मागें जावें लागतें. १९३९ च्या सप्टेंबरांत पश्चिमेकडून हिटलरनें आणि पूर्वेकडून स्टालिननें पोलंडचे लचके तोडले. पूर्वेकडील प्रांतांतून १९४० व १९४१ या दोन वर्षांत लाखों माणसें सैबेरिया व कझाकस्तान येथें हद्दपार करण्यांत आलीं. पुढें हिटलरनें रशियावरच हल्ला केला, तेव्हां कालचे शत्रू आजचे मित्र झाले. ३० जुलै १९४१ रोजीं लंडनमधील परागंदा पोलिश सरकार व सोव्हिएट सरकार यांच्यांत करार झाला आणि या बंदिवानांची सुटका झाली. जनरल आंडर्स यांच्या फौजेबरोबर १९४२ सालीं कास्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून अधिक माणसें इराणच्या पहलवी बंदरांत उतरलीं. पुरुष सैन्यांत गेले. मागें राहिलेल्या बायकामुलांस आसरा कोणीं द्यावयाचा हा प्रश्न उभा राहिला. इराण हा मुसलमानांचा देश. तो स्वतःच परक्या फौजांच्या टांचेखालीं होता आणि तेथें धान्याची टंचाई होती. तरीहि पहिला आसरा त्यानेंच दिला. इस्फहान शहरांत पोरक्या पोलिश मुलांसाठीं इतक्या शाळा व वसतिगृहें निघालीं कीं, त्या शहरास ‘पोलिश मुलांचें शहर’ असेंच म्हणूं लागले.

हिंदुस्थानांत पुढाकार घेतला तो नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं. त्यांनीं १९४२ सालीं बालाचडी येथें शेंकडों मुलांची सोय केली. वळिवड्याची छावणी त्याहून पुष्कळ मोठी. मात्र तिच्या मागें असा एक उदारचरित राजा उभा करण्याचा मोह आवरला पाहिजे. राजाराम महाराज १९४० सालींच निवर्तले होते. गादीवर दत्तक घेतलेलें अज्ञान बालक होतें आणि कारभार रीजन्सीकडे होता. जागा संस्थानची, परवानगी व देखरेख इंग्रज सरकारची आणि खर्चाची हमी लंडनमधील पोलिश सरकारची, असा हा त्रिवेणी व्यवहार होता. संस्थानची थोरवी त्यामुळें उणी होत नाहीं. युद्धाच्या महागाईंत आणि रेशनच्या दिवसांत पांच हजार परकी तोंडें आपल्या वेशीशीं येऊं देणें, आणि पांच वर्षें तीं नांदूं देणें, ही साधी गोष्ट नव्हे.

छावणींत शाळा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होतें, बालवीरांचीं पथकें होतीं, नाटकें होत असत. भाजीवाले, दूधवाले व शिंपी आसपासच्या गांवांतून येत. त्यांतले कांहीं मोडकेंतोडकें पोलिश बोलूं लागले आणि छावणींतील मुलें मराठी शब्द उचलूं लागलीं. जे येथेंच वारले त्यांचीं थडगीं कोल्हापुरांत आहेत.

परंतु या कथेची दुसरी बाजू सांगितल्यावांचून ती पुरी होत नाहीं. याच सुमारास हिटलरच्या तावडींतून सुटून आलेले जर्मन ज्यू याच महाराष्ट्रांत होते, आणि त्यांतल्या कित्येकांस पुरंदर व सातारा येथील छावण्यांत स्थानबद्ध होऊन दिवस कंठावे लागले. कारण पासपोर्टावरून ते ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरत होते! ज्या राजवटीनें त्यांना माणूस म्हणून नाकारलें, तिचेच प्रजाजन म्हणून ते येथें संशयित झाले. ज्यूंना येथें प्रवेश मिळे तोहि मोजून मापून. त्यांचा भार सरकारवर पडणार नाहीं अशी हमी मुंबईंत १९३४ सालीं निघालेल्या ज्यू साहाय्यक मंडळास घ्यावी लागे. राष्ट्रीय पुढाऱ्यांतहि या बाबतींत एकमत नव्हतें. विद्वान व कुशल ज्यू निर्वासितांस हिंदुस्थानांत काम द्यावें असें जवाहरलाल नेहरू यांचें मत होतें. सुभाषचंद्र बोस यांना तें मान्य नव्हतें. १९३८ च्या जुलैंत फ्रान्समधील एव्हियां येथें बत्तीस राष्ट्रें याच प्रश्नासाठीं जमलीं होतीं. त्यांतल्या बहुतेकांनीं सहानुभूति दाखविली आणि दार लावून घेतलें.

वळिवडें आणि पुरंदर यांतील अंतर दुःखाच्या मापानें मोजतां येत नाहीं. दोन्हीकडचीं माणसें घरादाराला मुकलेलींच होतीं. फरक एवढाच कीं, पोलिश निर्वासितांच्या पाठीशीं परागंदा का होईना, पण एक सरकार होतें. तें खर्च देत होतें आणि युद्धानंतर त्यांना परत नेण्याची भाषा बोलत होतें. ज्यूंच्या पाठीशीं कोणीच नव्हतें. निर्वासिताला आसरा मिळतो तो बहुधा त्याच्या गरजेवरून नव्हे, तर त्याचें ओझें पुढें कोण उचलणार यावरून, हा कटु नियम येथें उघडा पडतो.

पोलंडमधून इराणांत पोंचलेल्यांत सातशेंहून अधिक ज्यू मुलें होतीं, बहुतेक पोरकीं. तेहरानहून पॅलेस्टाइनला जाण्याची जवळची वाट इराकमधून. पण इराकनें तीं मुलें आपल्या मुलुखांतून जाऊं दिलीं नाहींत. तेव्हां त्यांना जहाजानें कराचीस आणि तेथून सुएझमार्गें नेण्यांत आलें. १९४३ च्या फेब्रुवारींत तीं पोंचलीं. एका मुसलमान देशानें आसरा दिला आणि दुसऱ्यानें वाट अडविली. तेव्हां यांतून मुसलमान आणि ज्यू यांच्या नात्यासंबंधीं सरसकट निकाल देणारा फसतोच. ही अडवणूक धर्मग्रंथाची नव्हती. पॅलेस्टाइनच्या झगड्यानें पेटलेल्या राजकारणाची होती.

याची साक्ष कोंकणांतच मिळते. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचें गलबत फुटलें अशी कथा सांगणारे बेने इस्राएल लोक शेंकडों वर्षें तेथें तेल गाळीत राहिले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवानें त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलें. आपल्या प्रार्थनामंदिराला ते स्वतः ‘मशीद’ म्हणत, आणि त्यांत त्यांना वा शेजारच्या मुसलमानांना कांहीं वावगें वाटलें नाहीं. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबानें गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, त्याच्या अखेरच्या दशकांत, शालोम बापूजी या बेने इस्राएल गृहस्थास आपला कारभारी नेमलें होतें. असें शेजारपण शेतबांधावर आणि बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या घडतें. मोडतें मात्र तें दूर कोठें तरी, राजधानीच्या टेबलावर. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र जन्मास आलें, तेव्हां एका निर्वासित जमातीला घर मिळालें, आणि त्याच वर्षींच्या युद्धांत सुमारें सात लाख पॅलेस्टिनी अरब बेघर झाले. पुढें अरब देशांतील ज्यूंनाहि आपलीं घरें सोडावीं लागलीं.

वळिवड्याच्या पोलिश लोकांचेंहि परतणें सोपें झालें नाहीं. युद्धाच्या शेवटीं त्यांचे पूर्वेकडील प्रांत रशियाच्या पदरांत पडले. १९४५ च्या जुलैंत ब्रिटननें लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, आणि जी हमी त्यांचा आधार होती तीच नाहींशी झाली. कोणी पोलंडला गेले, कोणी इंग्लंडला, कोणी आणखी दूर. १९४८ सालीं छावणी रिकामी झाली.

बराकी मात्र रिकाम्या राहिल्या नाहींत. फाळणीनें बेघर झालेलीं सिंधी हिंदु कुटुंबें तेथें येऊन राहिलीं. ज्या सिंधच्या कराची बंदरांतून तीं ज्यू मुलें गेलीं होतीं, त्याच सिंधमधून पांच वर्षांच्या आंत हे नवे निर्वासित आले. या वेळीं मागें हमी देणारें कोणी परकें सरकार नव्हतें. जबाबदारी आपल्या नव्या राष्ट्राची आणि शेजाऱ्यांची होती. त्यांनीं कापडाचे गठ्ठे खांद्यावर घेऊन सुरुवात केली आणि गांधीनगर उभें केलें.

१९९८ सालीं कोल्हापुरांत पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ उभा राहिला, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्यें वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकापुढें भारताच्या पंतप्रधानांनीं पुष्पचक्र वाहिलें. आपण केलेला उपकार दुसऱ्यानें स्मरावा, हें गोड वाटणारच. तथापि पुरंदरच्या बराकींचें स्मरण ठेवणेंहि तितकेंच अगत्याचें आहे. ज्याच्यासाठीं कोणी हमी देत नाहीं, असा माणूस वेशीशीं येऊन उभा राहतो, तेव्हांच राज्यकर्त्यांची आणि रयतेची खरी परीक्षा होत असते.