नांदता गिरिदुर्ग : पन्हाळा

वऱ्हाडातील गाविलगडाची तटबंदी बरीच शाबूत आहे. तटाआड वस्ती मात्र उरलेली नाही. कोल्हापूरनजीकच्या पन्हाळ्याचे तसे नाही. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातील हा गड आदिलशाही, मराठेशाही आणि इंग्रजी अंमल पाहूनही गाव म्हणून नांदत राहिला. २०११च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे ३,००० होती.

तटाआडच्या जीवनाचे मर्म अंधारबाव व अंबारखाना येथे उलगडते. तीन मजली अंधारबाव ही केवळ विहीर नव्हे. तीत पहारेकऱ्यांच्या निवासाची आणि गडाबाहेर निसटण्याच्या चोरवाटेची सोय आहे. गडाचे पाणी शत्रूच्या हाती पडू नये, म्हणून ही दक्षता. अंबारखान्यातील गंगा, यमुना व सरस्वती ही धान्यकोठारे. १६६०मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराजांना काही महिने तग धरता आला, तो अशा साठवणीच्या बळावरच.

१८४४च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला. तीन दरवाजा वाचला. २०२५मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत आला. या प्रक्रियेतच रहिवाशांनी विस्थापनाची धास्ती व्यक्त केली, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. २०१०च्या कायदादुरुस्तीनुसार केंद्रसंरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे. ओस गडावर या अंतराने कोणाचे अडत नाही. पन्हाळ्यावर मात्र स्मारके आणि घरे एकमेकांच्या शेजारी आहेत. तेथे जुन्या घराच्या डागडुजीलाही परवानगी मागावी लागते.